लहानशी मंडळी

आपल्या राज्यात निरनिराळ्या धर्मांचे लोक शेजारी शेजारी राहतात. शेजाऱ्याचा सण आपल्याला माहीत असतो. पण त्याचा आठवडा कसा जातो, हे फारसे माहीत नसते. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील लहानशा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळीची माणसे आठवडाभर काय करतात आणि एकमेकांना कशी सांभाळतात, याची माहिती या पाठात दिली आहे.

मुलांनो, ‘मंडळी’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ‘घरची मंडळी बरी आहेत ना?’ असे लोक एकमेकांना विचारतात. मराठी ख्रिस्ती माणूस मात्र हा शब्द आणखी एका अर्थाने वापरतो. ‘आमची मंडळी’ असे तो म्हणतो, तेव्हा तो आपल्या चर्चच्या माणसांविषयी बोलत असतो. तुमच्या ओळखीचा ‘जमात’ हा शब्द याच्या जवळचा आहे. मशीद ही जागा आणि जमात म्हणजे तिथे जमलेली माणसे. तसेच चर्च ही इमारत आणि मंडळी म्हणजे माणसे. इमारत कौलारू असो की पक्की, मोठी असो की लहान. मंडळी माणसांनीच बनते.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. गोवा जवळ असल्यामुळे मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांत ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. तिच्यात रोमन कॅथलिक पंथाचे लोक पुष्कळ आहेत. त्यांचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली स्थापन झाला. प्रॉटेस्टंट पंथाचे लोक मात्र थोडे आहेत.

वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांची वखार होती. तिचे अवशेष अजून पाहायला मिळतात. हे डच लोक प्रॉटेस्टंट होते. पण ते व्यापारासाठी आले आणि निघून गेले. मराठीत प्रार्थना करणारी प्रॉटेस्टंट मंडळी पुष्कळ काळानंतर तयार झाली. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे काम कोल्हापूर, सांगली, मिरज, रत्नागिरी या भागांत चालत असे. याच मिशनने वेंगुर्ल्याला ‘सेंट ल्यूक्स’ हे रुग्णालय चालवले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉ. रॉबर्ट गोहीन तेथे रुग्णांवर उपचार करीत. त्यांचा मुलगा १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात भारतात अमेरिकेचा राजदूत होता. रुग्णालयाला ल्यूक हे नाव का दिले असेल? ल्यूक म्हणजे बायबलमधला लूक. तो वैद्य होता, असे ख्रिस्ती परंपरा मानते. प्रार्थना आणि आजाऱ्याची सेवा या गोष्टी या मंडळ्यांत सुरुवातीपासून अशा जवळ जवळ राहिल्या.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा प्रॉटेस्टंट चर्चसंस्था एकत्र आल्या आणि उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. प्रेस्बिटेरियन परंपरेच्या अनेक मंडळ्या त्यात सामील झाल्या.

आता या मंडळीतले दोन शब्द शिकू या. धर्मगुरूला येथे ‘पाळक’ म्हणतात. पाळक म्हणजे पाळणारा, सांभाळणारा. मेंढरे राखणाऱ्या मेंढपाळावरून हे नाव आले आहे. दुसरा शब्द ‘वडील’. येथे वडील म्हणजे बाप नव्हे. मंडळीने निवडलेल्या जबाबदार सभासदाला वडील म्हणतात. ‘प्रेस्बिटेरियन’ हे नावसुद्धा ‘वडील’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून बनले आहे. मंडळीचा कारभार पाळक एकटे पाहत नाहीत. ते आणि वडील मिळून निर्णय घेतात.

मंडळीचा आठवडा रविवारी सुरू होतो. सकाळी मुलांसाठी रविवारची शाळा भरते. तिच्यात मुले गोष्टी ऐकतात आणि गीते शिकतात. मग मोठ्यांची उपासना होते. गीत, प्रार्थना, शास्त्रपाठ, उपदेश, दानार्पण आणि शेवटी आशीर्वाद, असा साधारण क्रम असतो. सर्व काही मराठीत चालते. सोळाव्या शतकात युरोपात प्रॉटेस्टंट पंथ निघाला, तेव्हापासूनच लोकांनी आपल्या भाषेत धर्मग्रंथ वाचावा आणि आपल्या भाषेत प्रार्थना करावी, असा या पंथाचा आग्रह आहे. शास्त्रपाठात कधी ‘स्तोत्रसंहिता’ वाचतात, कधी ‘शुभवर्तमान’. जबूर आणि इंजील ही नावे तुम्हांला परिचित आहेत. मराठी बायबलमध्ये त्यांच्यासाठी हे दोन शब्द येतात. हजरत दाऊद यांना मराठी ख्रिस्ती लोक दावीद म्हणतात आणि हजरत ईसा यांना येशू. दोन्ही धर्मांच्या श्रद्धांमध्ये फरक आहेत. तरी ही नावे दोन्हीकडे आदराने घेतली जातात.

गाण्यासाठी ‘उपासना संगीत’ हे पुस्तक वापरतात. त्यात कवी नारायण वामन टिळक यांची पुष्कळ गीते आहेत. टिळकांचा जन्म १८६१ साली त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. अभंग आणि ओव्यांची गोडी त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. म्हणून येथे पेटी आणि तबल्याच्या साथीवर भजनाच्या चालीची गीतेही ऐकू येतात.

उपासनेत ‘सूचना’ सांगण्याचीही वेळ असते. हा भाग दिसायला साधा. पण मंडळीची खरी काळजी येथून सुरू होते. कोण आजारी आहे, कोणाची परीक्षा आहे, कोणाच्या घरी बाळ जन्मले, कोण मुंबईहून आले, हे सर्वांना कळते. आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना होते. उपासना संपली की लोक अंगणात थांबतात आणि हात जोडून किंवा हात मिळवून एकमेकांना ‘सलाम’ म्हणतात. आश्चर्य वाटले ना? मराठी ख्रिस्ती लोकांत ‘सलाम’ म्हणण्याची चाल जुनी आहे. मराठी बायबलमधील पत्रांतही हा शब्द येतो.

अंगणातल्या बोलण्यात कोणीतरी हमखास विचारते, ‘आज आजी दिसल्या नाहीत?’ पाचशे माणसांच्या सभेत एक माणूस आले नाही, तर कोणाच्या लक्षात येत नाही. तीस-चाळीस माणसांच्या मंडळीत मात्र एक रिकामी जागा लगेच दिसते. लहान मंडळीचे हे मोठे बळ आहे.

समजा, त्या आजी खरेच आजारी आहेत. मग एक-दोन दिवसांत पाळक आणि एखादे वडील त्यांच्या घरी जातात. गीत म्हणतात, स्तोत्र वाचतात, प्रार्थना करतात. पण भेट तेवढ्याने संपत नाही. औषधे आहेत का? मुलगा मुंबईला आहे, त्याला फोन कोणी करायचा? मोठ्या उपचारांसाठी या भागातील पुष्कळ लोकांना गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जावे लागते. तेथे रात्री आजींजवळ कोण बसेल? घरच्या कोंबड्यांना दाणे कोण टाकेल? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच भेट पुरी होते.

आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी महिला मंडळ जमते. एका संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा होते. घरे पाळीपाळीने ठरतात. त्यामुळे वर्षभरात प्रत्येकाच्या घराला सर्वांचे पाय लागतात आणि कोणाचे छप्पर गळते, कोणाच्या घरात धान्य कमी आहे, हे न विचारता दिसते. शनिवारी तरुण मुले-मुली गीतांचा सराव करतात, चर्च झाडून घेतात. कामाचे दिवस गावागावांत बदलतात; कामे मात्र साधारण हीच असतात.

मरण रविवारची वाट पाहत नाही. कोकणात जूनपासून चार महिने पाऊस कोसळत असतो. अशा पावसात जांभ्याच्या जमिनीत कबर खणणे हे कष्टाचे काम. मोठ्या शहरात त्यासाठी पगारी माणसे मिळतात. लहान मंडळीत पुष्कळदा शेजारचे पुरुषच फावडे घेतात. स्त्रिया दुःखी कुटुंबाजवळ बसून राहतात. त्या घरात चूल पेटत नाही; जेवण दुसऱ्या घरांतून येते. तुमच्या मोहल्ल्यातही मयताच्या घरी असेच जेवण पोहोचवतात, नाही का?

या सर्व कामांसाठी पैसा कोठून येतो? सभासद आपल्या उत्पन्नातून दान देतात. काही जण दशमांश, म्हणजे दहावा भाग देतात. तुम्हांला ‘उश्र’ ठाऊक असेल. पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा भाग देण्याची ती रीत आहे. हिशोब किती सारखा आहे, पाहा! भाताची कापणी झाली, की हंगामाचा सण करतात. त्या दिवशी लोक चर्चमध्ये भात, नारळ, केळी, सुरण, कोहळे घेऊन येतात. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो. साध्या कोहळ्याची बोली हसत-खेळत चढत जाते, कारण ते पैसे मंडळीच्या कामालाच येतात.

गरजूला मदत देणे वाटते तितके सोपे नाही. लहान गावात सर्वांना सर्व काही कळते. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, म्हणून जपावे लागते. वार्षिक सभेत खजिनदार जमाखर्च वाचून दाखवतात. मदतीची रक्कम सांगावी, पण घेणाऱ्याचे नाव सांगू नये, ही चांगली पद्धत आहे. काही माणसे मानी असतात. ती पैसे घेत नाहीत. मग एखादी शेजारीण पिशवी घेऊन जाते आणि म्हणते, ‘यंदा आमच्याकडे नारळ फार झाले, म्हणून आणले.’ नारळ खरेच फार झालेले असतात असे नाही. देणारीला ते माहीत असते आणि घेणारीलाही!

लहान मंडळीपुढे अडचणीही आहेत. तरुण मुले नोकरीसाठी मुंबई, पुणे, गोवा येथे जातात. गावात म्हातारी माणसे उरतात. पुष्कळदा एकाच पाळकांना दोन-तीन ठिकाणच्या मंडळ्या पाहाव्या लागतात. ते आले नाहीत, तर एखादे वडील किंवा शिक्षक उपासना चालवतात. रिकाम्या जागा वाढल्या, तर आजारी आजींकडे जायचे कोणी, हा प्रश्न खरा आहे. त्याला सोपे उत्तर नाही. ज्याला चालता येते, त्याने जो चालू शकत नाही त्याच्याकडे जायचे, एवढे तरी या मंडळ्यांनी धरून ठेवले आहे.

आणि काही वेळा मंडळीची हद्द आपोआप रुंदावते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्यावरून गेले. तो रविवार होता. कोरोनाच्या साथीमुळे तेव्हा सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे बंद होती. घरांची कौले उडाली, आंब्याची आणि माडाची झाडे कोसळली, विजेचे खांब पडले. अशा वेळी शिडीवर चढून कौल लावणाऱ्याला खालून कौल कोण देतो आहे, तो मशिदीत जातो, देवळात की चर्चमध्ये, हे कोणी विचारत नाही. मुलांनो, तुमच्या वस्तीतही एखादी रिकामी जागा असेल. ती कोणाची आहे, हे या आठवड्यात पाहा आणि त्यांच्या घरी जाऊन या.

शब्दार्थ

उपासना – ईश्वराची भक्ती, इबादत
वखार – माल साठवण्याची जागा, गोदाम
शुभवर्तमान – चांगली बातमी, इंजील
दानार्पण – दान देण्याचा विधी
दशमांश – दहावा भाग
लिलाव – बोली लावून केलेली विक्री
मानी – स्वाभिमानी, खुद्दार
जांभा – कोकणात आढळणारा तांबडा दगड

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सिंधुदुर्ग जिल्हा केव्हा वेगळा झाला?
(आ) उत्तर भारतीय चर्चची स्थापना कोठे झाली?
(इ) हंगामाच्या सणात लोक कोणत्या वस्तू आणतात?

प्र. २. कारणे द्या.
(अ) धर्मगुरूला पाळक म्हणतात.
(आ) लहान मंडळीत न आलेला माणूस लगेच लक्षात येतो.
(इ) मदत घेणाऱ्याचे नाव सभेत सांगू नये.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
‘आमच्याकडे नारळ फार झाले, म्हणून आणले,’ असे शेजारीण का म्हणते? तिचे वागणे तुम्हांला कसे वाटते?

प्र. ४. पुढील शब्दांचे दोन दोन अर्थ सांगा आणि वाक्यांत उपयोग करा.
मंडळी, वडील

उपक्रम – तुमच्या मोहल्ल्यात आजारी किंवा एकट्या माणसांना कोण कशी मदत करते, याची माहिती घरच्या मोठ्या माणसांकडून मिळवा आणि मराठीत दहा ओळी लिहा.