मिशाळ मासळी धरण्याच्या गळाच्या पद्धती

आपल्या नद्यांच्या डोहांत, गावतळ्यांत व धरणांच्या जलाशयांत कटला, रोहू, मृगळ या खवल्यांच्या मासळीबरोबर आणखी एक वर्ग नांदत असतो. या माशांच्या अंगावर खवले नसतात. त्यांची कातडी बुळबुळीत असते व तोंडाभोवती लांब मिशा असतात. शिवडा, शिंगाळा (काही भागांत यासच शिंगटा म्हणतात), मागूर व शिंगी हे या वर्गातील परिचित मासे होत. शिंगाळ्याच्या मांसात बारीक काटे फार थोडे असल्यामुळे त्यास गिऱ्हाईक चांगले मिळते. मागूर व शिंगी यांना हवेतूनही श्वास घेता येतो, त्यामुळे ते थोड्याशा पाण्यात जिवंत राहतात व जिवंतच विकले जातात.

ही मासळी जाळ्यात सापडत नाही असे नाही. परंतु तिचे राहणे बहुधा जाळ्यास अडचणीच्या जागी असते. खडकांच्या कपारी, काठाची पोखरलेली दरड, बुडालेल्या झाडांचे बुंधे ही तिची घरे. धरणाच्या पाण्याखाली तर संपूर्ण गावे गेलेली असतात. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले म्हणजे पळसदेवाचे जुने मंदिर उघडे पडते, हे अनेकांनी पाहिले असेल. अशा तळावरून ओढलेले जाळे फाटल्यावाचून राहत नाही. भोई, कहार, ढीवर आदी मासेमारी करणाऱ्या समाजांनी गळाची विद्या टिकवून धरली, तिचे एक कारण हे होय. गळास भांडवल थोडे लागते, तो एकट्यास चालविता येतो व अडचणीच्या जागी टाकता येतो. मात्र गळाचेही प्रकार अनेक आहेत आणि कोणता प्रकार कोठे व केव्हा वापरावा याचा विचार झाला नाही, तर आमिष फुकट जाते; क्वचित त्याहून मोठी हानी होते.

माशाच्या सवयी

मिशाळ मासा प्रामुख्याने रात्री चरतो. गढूळ पाण्यात किंवा अंधारात त्याला डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो. ते काम मिशा व कातडी करतात. मिशांवरच नव्हे तर अंगभर रुची ओळखणारी सूक्ष्म इंद्रिये असल्यामुळे आमिषाचा वास व रुची पाण्यात पसरली की मासा तिचा माग काढीत येतो. म्हणून आमिष ताजे व रसदार असणे हे गळाच्या बनावटीइतकेच महत्त्वाचे आहे. रात्रभर पाण्यात राहून पांढरे पडलेले गांडूळ गळावर असले काय आणि नसले काय, सारखेच. या माशांची श्रवणशक्तीही तीक्ष्ण असते. काठावर पाय आपटणे, होडीत वल्हे टाकणे यांचा आवाज त्यांना पाण्यातून पोचतो.

सर्वांची खाण्याची रीत मात्र एक नाही. शिवडा हा निव्वळ शिकारी मासा आहे. तो एक मीटरहून अधिक लांब वाढतो. त्याचा जबडा डोळ्यांच्याही मागे जाणारा असून बारीक दातांनी भरलेला असतो. जिवंत किंवा ताजी लहान मासळी हे त्याचे भक्ष्य, व ते तो तळावरच घेतो असे नाही; रात्री उथळ पाण्यात व पृष्ठभागाजवळही येतो. शिंगाळा बहुतकरून तळ धरून असतो; झिंगे, गांडुळे, लहान मासे असे मिळेल ते खातो. मागूर व शिंगी चिखलाच्या तळाशी किडे व अळ्या शोधतात. त्यांना लहान गळ व गांडूळ पुरते.

दावण

गोठ्यात एका लांब दोरास अंतराअंतरावर गुरे बांधतात, त्याच धर्तीवर एका मुख्य दोरीस अनेक गळ बांधून ती रात्रभर पाण्यात ठेवावयाची, ही दावणीची रीत. मिशाळ मासळीसाठी सर्वांत अधिक उत्पन्न देणारी पद्धत हीच आहे, आणि सर्वांत अधिक निष्काळजीपणा होतो तोही हिच्यातच.

मुख्य दोरी जाड व पिळाची घ्यावी. पूर्वी सुती दोरी वापरीत व ती कुजू नये म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात भिजवीत. आता नायलॉनची दोरी सर्वत्र मिळते. मुख्य दोरीस दर दीड ते दोन मीटरवर एक उपदोरी बांधावी व तिच्या टोकाशी गळ असावा. उपदोरीची लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी. शेजारच्या दोन उपदोऱ्यांची मिळून लांबी त्यांच्यामधील अंतरापेक्षा कमी असली, तरच त्या एकमेकींत अडकत नाहीत. हा साधा हिशेब न पाळल्यामुळे सकाळी दोरीऐवजी गुंता हाती येतो. शिवड्यासाठी गळाजवळची वीतभर उपदोरी बारीक तारेची करावी, कारण त्याच्या दातांनी नायलॉनचे सूत झिजून तुटते. तळाकडे राहणाऱ्या माशासाठी दोरीच्या दोन्ही टोकांस दगड किंवा विटा बांधून ती तळावर बसवावी. शिवड्यासाठी मध्ये मध्ये भोपळ्याचे तुंबे किंवा बूच बंद केलेल्या रिकाम्या बाटल्या बांधून ती तळापासून उचलून धरावी. दोरीची जागा ओळखण्यासाठी टोकास एक तरंड ठेवणे अगत्याचे आहे.

एकट्या माणसाने प्रथम पंचवीस-तीस गळांहून अधिक लावू नयेत. दोरी टोपलीत वेटोळी करून ठेवताना गळ टोपलीच्या काठावर क्रमाने टोचून ठेवावेत, म्हणजे होडीतून सोडताना ते एकामागून एक सुटतात व बोटांत घुसत नाहीत. दावण नदीत प्रवाहाला आडवी न लावता तिरपी लावावी, कारण आडव्या दोरीवर पाचोळा साचून ती वाहून जाते. जलाशयात ती उथळ व खोल पाण्याच्या सीमेवर, जुन्या ओढ्याच्या पात्राच्या कडेने लावावी. मासा रात्री चरावयास याच वाटेने वर येतो.

दावण दिवस मावळताना लावावी हे सर्वांस माहीत असते. परंतु ती केव्हा पाहावी याकडे दुर्लक्ष होते. संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर उचलणे हा सर्वत्र आढळणारा परिपाठ चुकीचा आहे. गळास लागलेला मासा धडपडून थकतो व मरतो. उन्हाळ्यात कोमट पाण्यात मेलेला शिवडा काही तासांतच उतरतो, व हा मासा मुळातच फार टिकणारा नव्हे. कासवे व खेकडे त्यास कुरतडतात ते वेगळेच. शिवाय आमिष गेलेले गळ उरलेली रात्र रिकामे राहतात. यास्तव दावण मध्यरात्रीपूर्वी एकदा व पहाट होण्याच्या सुमारास एकदा अशी दोन वेळा पाहावी. मासे जिवंत काढावेत, रिकामे गळ पुन्हा भरावेत. वीस गळ दोनदा पाहिले तर पन्नास गळ सोडून दिल्यापेक्षा विक्रीयोग्य माल अधिक मिळतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्यास रात्री जागणे शक्य नाही, त्याने दावण लावूच नये.

तरंगता गळ

तुंब्यास किंवा बंद डब्यास दोन-तीन मीटर दोरी व एक गळ बांधून तो पाण्यावर सोडून देणे, ही दावणीचीच सुटी आवृत्ती होय. शांत पाण्यात होडीतून दहाबारा तुंबे सोडून त्यांच्यावर नजर ठेवता येते. तुंबा बुडू लागला की तेथे जावयाचे. वाऱ्याच्या दिवशी मात्र तुंबे दूर जातात व हरवलेला प्रत्येक तुंबा म्हणजे कोणी न पाहणारा एक गळ. वारा असताना ही पद्धत वापरू नये.

गळकाठी

काठीने एका वेळी एकच मासा मिळतो, म्हणून धंद्याच्या दृष्टीने तिची हेटाळणी होते. ती सर्वस्वी योग्य नाही. गळकाठीवाला माशाजवळ हजर असतो. मासा लहान निघाला, अंड्यांनी भरलेला निघाला, तर त्याच क्षणी तो जिवंत परत सोडू शकतो. दावणीवर पहाटे मेलेल्या स्थितीत सापडलेल्या माशाबाबत ही सोय राहत नाही.

घरगुती काठी म्हणजे तीन ते चार मीटर लांबीचा, वाळलेला, शेंड्याकडे लवचिक वेळू. मागूर-शिंगीसाठी काठीइतकेच सूत, त्यास लहान तरंड व गळापासून वीतभर वर शिशाची गोळी एवढे पुरे होते. तरंड अशा बेताने बांधावा की आमिष तळास जेमतेम टेकेल. शिंगाळ्यासाठी रीळ असलेली काठी अधिक सोयीची, कारण मोठा मासा लागल्यावर सूत सोडावे व गुंडाळावे लागते. येथे तरंड नको. मध्ये भोक असलेले शिसे सुतात ओवून गळापासून हातभर अंतरावर एका गाठीने अडवावे. मासा आमिष उचलून चालू लागला की सूत शिशातून सरकत जाते व त्यास वजन जाणवत नाही. वजन जाणवले की अनुभवी मासा आमिष थुंकून टाकतो. काठी काठावरील दुबेळक्यावर टेकवून शेंड्यास एक घुंगरू बांधले म्हणजे अंधारात डोळे ताणीत बसावे लागत नाही.

झटका केव्हा द्यावा याविषयी नवशिक्यांची नेहमी गल्लत होते. शिंगाळ्याने सूत सलग ओढले की लगेच काठी उचलावी. शिवडा भक्ष्य जबड्यात धरून काही अंतर जातो व मग गिळतो, म्हणून त्यास थोडा वेळ द्यावा; परंतु फार वेळ दिला तर गळ पोटात जातो व मासा सोडण्याच्या कामाचा राहत नाही. अलीकडे टोक आत वळलेले वर्तुळाकार गळ मिळतात. ते गिळले गेले तरी बहुधा बाहेर सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात रुततात व त्यांना झटक्याची गरज नसते. सूत ताणले की पुरे. दावणीसाठीही हेच गळ वापरावेत.

विणीचा हंगाम

शिवडा पावसाळ्याच्या प्रारंभी नव्या पाण्याबरोबर उथळ, गवताळ भागात वीण घालावयास चढतो. त्या काळात तो ओढ्याच्या तोंडाशी सहज सापडतो व पहिल्या पावसानंतर गावोगाव त्याची लूट होते. एका मादीबरोबर तिच्या पोटातील सर्व अंडी जातात हे त्या उत्साहात कोणाच्या ध्यानी येत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१९ साली केलेल्या मूल्यमापनात या माशाची गणना संकटाची शक्यता असलेल्या जातींत केली आहे. शिंगाळ्याची रीत याहून वेगळी. तो तळाच्या मातीत खळगा करून त्यात वीण घालतो व नर त्या खळग्याची राखण करतो. राखणदार नर गळावर गेला की उघडी पडलेली पिले इतर माशांच्या तोंडी जातात. म्हणजे एका माशाच्या किमतीत सारे घरटे जाते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळा भर ओसरेपर्यंत दावण वाळवून ठेवावी हे उत्तम. आश्विन-कार्तिकात पाणी निवळू लागले म्हणजे हंगाम पुन्हा चांगला लागतो. थंडीत मासा कमी खातो व फाल्गुनापासून पुन्हा चरू लागतो.

उन्हाळ्यात नदी आटून डोह तेवढे उरतात तेव्हा नदीचे सारे बियाणे त्या डोहांत असते. महाडजवळील वाळणकोंडासारख्या डोहांत श्रद्धेमुळे मासे मारले जात नाहीत. तेथील मासे खवल्यांचे आहेत, तरी गावाने एक डोह राखला तर काय होते हे तेथे पाहावयास मिळते.

येथे एक शंका निघेल. शिवडा बोटुकली खातो, मग त्याला राखावयाचे कशासाठी? शेततळ्यात किंवा संवर्धनाच्या तळ्यात मत्स्यबीज सोडावयाचे असेल तर शिवडा, मागूर आदी भक्षक तेथून काढलेच पाहिजेत, यात वाद नाही. मात्र ते काम गळाने पुरे होत नाही. तळे आटवून तळ सुकवावा. आटविणे अशक्य असेल तर एक मीटर खोल पाण्यास हेक्टरी सुमारे २,५०० किलो मोहाची पेंड घालण्याची शिफारस आहे, व त्यानंतर सुमारे तीन आठवडे बीज सोडू नये. हा उपाय केवळ स्वतःच्या बंदिस्त तळ्यापुरता होय. नदी, ओढा व सार्वजनिक तलाव यांत विष किंवा सुरुंग वापरण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून बंदी आहे. नदीतला शिवडा हा तेथील मूळचा रहिवासी आहे. तळ्यातला पाहुणा आहे. दोघांस एक न्याय लावू नये. परदेशातून आलेल्या आफ्रिकन मागुराची, ज्यास बाजारात थाई मागूर म्हणतात, गोष्ट निराळी. त्याच्या संवर्धनावर केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली आहे. तो गळास लागल्यास पुन्हा पाण्यात सोडू नये.

धरणांच्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तेथे गळ टाकण्यापूर्वी संस्थेची परवानगी घ्यावी.

मासा काढताना

शिंगाळा व शिंगी यांच्या छातीजवळील परांत टणक, तीक्ष्ण काटे असतात व शिंगीचा काटा विषारी असतो. मासा शेपटीकडून न धरता, ओल्या जाड फडक्याने डोक्यामागे, दोन्ही काट्यांच्या मागून पकडावा. शिंगीचा काटा बोचल्यास जखम धुऊन, पोळणार नाही इतपत कढत पाण्यात हात अर्धा ते एक तास बुडवून ठेवावा, वेदना उतरते. पाण्याची ऊब दुसऱ्या हाताने पाहावी, कारण दुखऱ्या हातास चटका कळत नाही. काटा आत मोडला असेल किंवा सूज वाढली तर दवाखान्यात जावे व धनुर्वाताची सुई टोचून घ्यावी.

शिवडा व शिंगाळा धरल्यावर लगेच आतडी व कल्ले काढून, धुऊन, माशाच्या वजनाइतक्या बर्फात ठेवावेत. दावण उचलल्यावर गळ मोजावेत. नायलॉनची दोरी कुजत नाही, म्हणून तुटलेला तुकडा पाण्यात राहिला तर तो पुढे कित्येक वर्षे मासे, कासवे व पाणपक्षी यांना अडकवीत राहतो. मोजणीत गळ कमी भरले तर उजाडल्यावर आकडा टाकून तो तुकडा शोधून काढावा.