टीसीपी कनेक्शन मुद्दाम रिसेट करणे : लिंगर शून्य म्हणजे काय?

सॉकेट उघडायला आपण सगळे मन लावून शिकतो. बंद करायची वेळ आली की मात्र 'शेवटी क्लोज लिहायचं' एवढ्यावर विषय संपतो. आज तिथेच जरा थांबू.

फोनवर बोलताना आपण "बरं, ठेवू का?" विचारतो, समोरचा "हो, ठेव" म्हणतो. टीसीपीचा साधा शेवट असाच. एक बाजू फिन पाठवते, दुसरी पोच देते, तिचं बोलणं संपलं की तीही फिन पाठवते. ज्याने आधी फिन पाठवला तो सहसा टाइम-वेट अवस्थेत थांबतो. लिनक्सवर हे थांबणं 60 सेकंदांचं असतं. शेवटची पोच हरवली तर ती पुन्हा देता यावी आणि वाटेत रेंगाळलेली जुनी पाकिटं नव्या कनेक्शनमध्ये घुसू नयेत, म्हणून.

आरएसटी म्हणजे न सांगता फोन आपटणं. ते मुद्दाम करायचं तर सॉकेटवर एसओ-लिंगर हा पर्याय लावा. त्याच्या रचनेत दोन आकडे असतात : चालू-बंदसाठी 1 आणि वेळेसाठी 0. मग क्लोज केलं की कर्नल न पाठवलेला डेटा टाकून देतो आणि आरएसटी सोडतो. टाइम-वेट नाही. समोरच्याला वाचताना 'कनेक्शन रिसेट बाय पीअर' ही चूक दिसते. आरएसटीला पोच नसते, बरं का! तो वाटेत हरवला तर समोरच्याला काही पाठवेपर्यंत पत्ताच लागत नाही.

आता मोह कुठे होतो बघा. लिनक्सवर क्लायंटला आपोआप मिळणारे पोर्ट मुळात 32768 ते 60999, म्हणजे 28232. प्रत्येक पोर्ट 60 सेकंद अडकला, तर एका पत्त्यावरून एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टशी सेकंदाला साधारण 470 नवी कनेक्शनं, त्यापुढे गाडी अडते. लोड टेस्ट करणारे मग लिंगर शून्य लावतात. चाचणीत चालेल. खऱ्या सर्व्हरवर फाइल पाठवून लगेच असं क्लोज केलंत, तर तिचा शेवटचा तुकडा बफरमध्येच मरेल, आणि सेंडने तर 'यशस्वी' सांगितलेलं असेल! सर्व्हर पुन्हा सुरू करताना 'पत्ता वापरात आहे' अशी तक्रार येत असेल तर त्याचं औषध एसओ-रियूजअॅड्रेस, हे नव्हे.

मग रिसेट योग्य कधी? समजा, लांबी आधी न सांगता तुम्ही उत्तर पाठवताय आणि मध्येच डेटाबेस कोसळला. फिन पाठवलात तर समोरचा समजेल, उत्तर पूर्ण झालं. अर्धा हिशोब तो पूर्ण म्हणून जपून ठेवेल. इथे आरएसटीच खरं बोलतो.

एक गंमत : आलेला डेटा न वाचताच क्लोज केलं, तर लिंगर न लावताही लिनक्स आरएसटी पाठवतो. दोन टर्मिनल उघडा, वायरशार्क लावा आणि स्वतः बघा.