समेटाला बसण्याआधी

देवनारच्या आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद अंगावर आलं आणि गळती, पार्किंग, पुनर्विकास अशी सगळी भांडणं दाराशी येऊ लागली. त्यातून जमलेले हे अनुभव.

1. भांडण पैशाचं आहे की मानाचं, ते आधी पाहा. वरच्या घराच्या बाथरूममधून खाली पाणी झिरपत होतं. आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांचा, हे उपविधीत लिहिलेलं आहे आणि दोघांना ते पाठ होतं. अडलं होतं ‘आधी त्यांनी बोलायला यावं’ यावर. मध्यस्थ बाईंनी दोघांदेखत प्लंबरकडून लादी उचलवली, तिथेच निम्मं भांडण संपलं. शिवाय मध्यस्थीत बोललेलं पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे माणसं जरा मोकळी बोलतात.

2. मध्यस्थ आणि लवाद यांची गल्लत करू नका. मध्यस्थासमोरून, पटलं नाही तर, उठता येतं. लवादाचा निवाडा मात्र कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावला जातो. त्याला आव्हान द्यायला 1996 च्या कायद्याच्या कलम 34 खाली तीन महिने मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी 30 दिवस. आणि ‘निवाडा आम्हाला चुकीचा वाटतो’ एवढं कारण तिथे चालत नाही. म्हणून पुनर्विकासाच्या करारात चटईक्षेत्र आणि भाड्याचे आकडे वाचून झाले, की लवादाचं कलम शोधा. सभासद ते पान उलटून पुढे जातात. आमच्या मसुद्यात ‘विकासक नेमेल तो एकमेव लवाद’ असं होतं. वादात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पर्किन्स खटल्यात सांगितलं आहे. आम्ही ते वाक्य खोडायला लावलं. लवादाची फी कोण भरणार हेही तेव्हाच लिहून घेतलं, कारण लवाद स्वस्त असतो हा समज पहिलं बिल येईपर्यंतच टिकतो.

3. प्रत्येक वाद लवादाकडे जात नाही. अंधेरीच्या दोन स्टुडिओंवरून नटराज आणि नवरंग यांच्यात तंटा होता, करारात लवादाचं कलमही होतं. तरी भाडे कायद्याखालचा वाद लघुवाद न्यायालयातच चालेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये दिला. भाडेकरूशी तंटा असेल तर हे लक्षात ठेवा.

4. नव्या घराचा ताबा रखडला असेल तर महारेराचा सलोखा मंच आहे, 2018 पासून. ग्राहकांचा आणि विकासकांचा प्रतिनिधी तिथे एकत्र बसतात. दोन्ही बाजूंची तयारी मात्र हवी.

5. घरात मारहाण होत असेल तर शेजारपाजाऱ्यांनी समेट घडवायला बसू नये. ‘सांभाळून घे’ म्हणणारे पुष्कळ असतात. आपल्या देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या साथीने 1984 मध्ये महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. अशा बाईला तिथली वाट दाखवा.

6. ठरलेलं लिहून घ्या: रक्कम, तारीख, आणि ती चुकली तर काय. प्रलंबित दावा लोकअदालतीत मिटला तर कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नाही. तेव्हा सहीआधी मसुदा वकिलाला दाखवा. महिलांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.