जव्हार-जामसरची सायकलफेरी : आखणी आणि खबरदारी

हौशी मंडळींची सामूहिक सायकलफेरी शर्यतीहून वेगळी असते, तशीच ती ‘बीआरएम’ या लांब पल्ल्याच्या, ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या फेरीहूनही वेगळी असते. बीआरएममध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात आणि वाटेत पंक्चर झाले, चेन तुटली किंवा पोटात कावळे ओरडू लागले, तर ज्याचे त्याने पाहायचे असते. हौशी फेरीची अट एकच : निघाले तितके सगळे एकत्र परतले पाहिजेत. मार्ग, वेळ, माणसांची संख्या आणि सामान या अटीवरून ठरते. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा भागात तर ती क्षणभरही विसरून चालत नाही.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर हा मुख्य रस्ता एसटी, मालमोटारी आणि भरलेल्या जीपगाड्यांचा असतो. म्हणून फेरीसाठी जामसरसारख्या गावांकडे जाणारे आतले रस्ते निवडणे चांगले. मात्र इथे घाटातल्या नेहमीच्या फेरीचा क्रम उलटतो. एरवी सकाळी ताज्या पायांनी चढ चढून परतताना उतार मिळतो. जव्हारहून दाभोसा धबधब्यासारख्या खोऱ्यातल्या ठिकाणी जाताना आधी उतार लागतो आणि परतीचा चढ ऐन उन्हात, थकल्या पायांवर येतो. नकाशावरचे अंतर थोडे दिसते म्हणून नऊ वाजता निघणारा गट इथे हमखास फसतो. उजाडताच निघावे आणि परतीच्या चढाला जाण्याच्या दुप्पट वेळ धरावा.

वाटाड्या पुढे आणि राखणदार मागे, ही दोन माणसे आदल्या दिवशीच ठरवावीत. प्रस्तुत लेखक सहभागी असलेल्या एका फेरीत पुढे जाणारा होता, मागे राहणारा कोणीच नव्हता. एका फाट्यावर पुढचे डावीकडे वळले आणि नजरेआड झाले. मागून येणारे दोघे सरळ गेले. त्यांतल्या एकाची सायकल पंक्चर झाली आणि पंप पुढच्याच्या पिशवीत राहिला. फोनला रेंज नव्हती. वाटेतल्या पाड्यावरच्या एका गृहस्थाने घरातला पंप आणून दिला, पण त्या सायकलच्या ट्यूबला बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह होता आणि पंपाचे तोंड साध्या व्हॉल्व्हचे. हवा भरली गेलीच नाही. बाकीच्यांना दोघे कमी असल्याचे बऱ्याच वेळाने, चहाला थांबल्यावर कळले.

अशा व्हॉल्व्हला साधा पंप जोडणारे छोटेसे पितळी अडॅप्टर सोबत असते, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला असता. ते प्रत्येकाच्या खिशात असावे. आपल्या चाकाच्या मापाची ट्यूब, टायर लिव्हर आणि चेनची क्विक लिंक ज्याची त्याने बाळगावी. ७००सी किंवा २९ इंची ट्यूब तालुक्याच्या दुकानात मिळेलच असे नाही. पंप निदान दोन असावेत : एक वाटाड्याकडे आणि एक राखणदाराकडे. राखणदार म्हणून गटातला सर्वांत धीराचा आणि दुरुस्ती जाणणारा माणूस नेमावा. शेवटच्या सायकलस्वाराला मागे टाकून त्याने पुढे जायचे नाही, मग त्याला कितीही कंटाळा येवो. प्रत्येक फाट्यावर वाटाड्याने थांबावे आणि राखणदार दिसल्यावाचून पुढे हलू नये. रेंज नसलेल्या भागात ही एवढी एक शिस्त पुरते. गट बारा-पंधरांपेक्षा मोठा असेल, तर त्याचे दोन भाग करून प्रत्येकाला स्वतःचा वाटाड्या आणि राखणदार द्यावा.

उतारावर एकामागे एक, मध्ये चांगले अंतर ठेवून चालावे. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास रिम किंवा डिस्क तापते. वळणाआधी वेग कमी करून वळणात ब्रेक सोडावा. अरुंद वळणावर एसटीला जवळजवळ सगळा रस्ता लागतो, म्हणून हॉर्न ऐकताच कडेला थांबलेले बरे. पावसाळ्यात धबधबे पाहण्याचा मोह होतो, पण शेवाळ, कडेची लाल माती आणि धुके यांमुळे नवख्यांना तेव्हा नेऊच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. आठवडे बाजाराचा दिवस टाळावा.

पाण्याचा हिशेब इथे वेगळा धरावा लागतो. पावसाळ्यात धो धो पाऊस पडणाऱ्या या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकर येतात आणि बायाबापड्या हंडे घेऊन विहिरीपर्यंत पायपीट करतात. अशा विहिरीवर वीस बाटल्या भरून घेणे योग्य नाही. ताशी अर्धा ते पाऊण लिटर या हिशेबाने पाणी जव्हारहूनच घ्यावे, ओआरएसची पाकिटे जवळ ठेवावीत आणि जादा साठा बॅकअप गाडीत असावा. जेवण मात्र गावातच घ्यावे. आदल्या दिवशी किती माणसे येणार ते सांगून ठेवले आणि पैसे आगाऊ दिले, तर नागलीची भाकरी गरम मिळते आणि घरच्यांची धावपळ होत नाही. घरांचे, भिंतीवरच्या वारली चित्रांचे किंवा माणसांचे फोटो विचारूनच काढावेत.

अपघात झालाच, तर १०८ला फोन लावण्यासाठी रेंज कुठे मिळते हे मार्ग पाहायला गेलेल्याने आधीच टिपून ठेवावे. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे. बॅकअप गाडी गटाच्या मागे ठेवावी आणि तिच्यात प्रथमोपचाराची पेटी, सायकल बांधायला दोर आणि सर्वांच्या घरच्यांचे फोन नंबर कागदावर लिहिलेले असावेत. परतल्यावर निघतानाच्या यादीवरूनच हजेरी घ्यावी. मुंबई-नाशिककडे त्याच दिवशी गाडी चालवत जाणाऱ्यांना तासभर विश्रांती घ्यायला लावावी आणि त्यांचा पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत संयोजकाने फोन चालू ठेवावा.