शाळा गेली तर रोवणीला कोण जाणार?

प्रश्न : पट वीसच्या खाली आला म्हणून आमची शाळा बंद होईल म्हणतात. पुढची शाळा जंगलातून चार किलोमीटर. मुलीला पोचवत बसले तर माझी भाताच्या रोवणीची मजुरी बुडेल. काय करू?
– एक आई, एटापल्ली तालुका

उत्तर : ताई, भीती रास्त आहे. वाघ-अस्वलाच्या रानात लेकरू एकटं कोण सोडेल? आणि मजुरी बुडते ती बहुधा आईचीच. शिक्षणहक्काच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. वस्ती लहान म्हणून शाळा नसेल, तर मोफत वाहतुकीची सोय शासनाने करायची. ग्रामसभेचा ठराव, त्यात अंतर आणि जंगलवाट नमूद करून, गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. हे रोवणीआधीच उरका. एकदा बाया चिखलात उतरल्या की सभेला कोणी फिरकत नाही.