मोठ्या डोक्याच्या मुंग्या पाळायच्यात? मग आधी हे ऐक

अगं, मुंग्या पाळायच्या म्हणालीस तेव्हा घरात सगळे हसले, मी नाही हसले. खरंच सुंदर नाद आहे हा. फक्त तू मोबाइलवर दाखवलीस ती आफ्रिकेतली मोठ्या डोक्याची मुंगी मागवायचा विचार डोक्यातून काढ. पाळायचीच असेल तर आपल्या शहाडची पाळ. का, ते सांगते.

ती आफ्रिकेतली मुंगी दिसायला गरीब आहे. कामकरी जेमतेम दोन मिलिमीटरची. पण तिच्या वसाहतीत एक नाही, अनेक राण्या असतात, आणि शेजारच्या घरट्यांशी ती भांडत नाही. घरटी एकमेकांना जोडत ती पसरत जाते. एखादी राणी आणि मूठभर कामकरी डब्यातून निसटल्या तरी बाहेर नवा संसार उभा राहतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत तिचं नाव उगाच नाही. केनियात ती एका अभयारण्यात शिरली, तर तिथल्या बाभळींवर राहून हत्तींना चावून पळवणाऱ्या मुंग्या तिने संपवल्या. मग हत्तींनी झाडं मोडली, आडोसा गेला, आणि दबा धरायला जागा न उरल्याने सिंहांना झेब्रा मारणं अवघड झालं. 2024 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हा नुसती मुंगीच तर आहे, असं म्हणू नकोस. इथे आपल्या बाल्कनीत सुटली तर जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांची ती राखणदार होईल, कारण त्यांचा गोड रस तिला हवा असतो. शिवाय परवानगीशिवाय जिवंत किडे परदेशातून आणता येत नाहीत. 2025 मध्ये केनियातून हजारो राण्या बाहेर नेऊ पाहणाऱ्या दोन बेल्जियन मुलांना तिथल्या कोर्टाने जबर दंड केला. एकोणीस वर्षांची पोरं होती गं ती.

आणि परकी हवीच कशाला? याच कुळातल्या मुंग्या आपल्या मातीत आहेत. साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पुण्यातल्या अशाच एका मुंगीचं वर्णन 1835 मध्ये छापलं. साठवलेलं गवताचं बी पावसाने भिजलं की त्या ते बाहेर आणून उन्हात वाळवतात, हे त्याने पाहिलं होतं. डाळ-तांदूळ गच्चीवर वाळत घालणाऱ्या आपल्या आईला हे सांग, तिचा निम्मा विरोध तिथेच मावळेल.

आता कसं करायचं ते ऐक. पहिला पाऊस झाला की संध्याकाळी दिव्याखाली पंखवाल्या मुंग्या येतात. पंख गाळून जमिनीवर धावत जागा शोधणारी दिसली, तर ती राणी. परीक्षानळीत तिसरा हिस्सा पाणी भर, कापसाचा बोळा पाण्याला टेकेपर्यंत सरकव, राणीला आत सोड, तोंडाशी दुसरा बोळा लाव. एका नळीत एकच राणी. नळी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेव आणि रोज उघडून बघू नकोस. या दिवसांत तिला खायलाही काही घालायचं नाही. आता नको असलेले पंखांचे स्नायू आणि अंगातली चरबी जिरवून ती पहिली पिल्लं वाढवते. आपल्या उबेत साधारण महिन्याभरात पहिल्या चिमुकल्या कामकरी दिसतील. त्यानंतर साखरपाण्याचा थेंब आणि रॅकेटने मारलेला डास, एवढं पुरे. फवारणी झालेल्या घरातलं झुरळ कधीच देऊ नकोस.

मोठी डोकी लगेच दिसली नाहीत म्हणून हिरमुसू नकोस. ती सैनिकांची असतात, आत जबड्याचे स्नायू भरलेले, बी फोडायला आणि शिकार तोडायला. अळीला किती खाऊ मिळतो, यावर ती सैनिक होणार की साधी कामकरी, हे बरंचसं ठरतं. गंमत म्हणजे वसाहतीत सैनिक पुरेसे झाले की त्यांच्याच अंगच्या गंधद्रव्याने नव्या अळ्या सैनिक व्हायच्या थांबतात. कुणी हुकूम देत नाही, तरी हिशोब जुळतो. हे तुला पुस्तकात वाचायचं नाही, डोळ्यांनी बघायचंय, म्हणून तर मी तुझ्या बाजूने आहे.

पुढे डबा लागेल. त्याच्या आतल्या वरच्या कडेला टाल्कम पावडर आणि स्पिरिटचा लेप लावतात, पण आपल्या पावसाळ्यात तो दमटून ढिला पडतो. म्हणून आजी लाडवाचा डबा ठेवायची तसा हाही पाण्याच्या ताटलीत ठेव, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाक, म्हणजे मुंगी पृष्ठभागावरून चालत जाणार नाही. त्या खोलीत मच्छर अगरबत्ती, स्प्रे, मुंग्यांचा खडू, काहीही नको. डब्यावर ऊन थेट पडू देऊ नकोस.

आणि आईला आधी सांग, लपवून काही करू नकोस. राणी काही वर्षं जगते. तुझी बारावी येईल, कदाचित हॉस्टेलही. तेव्हा पाणी कोण बघणार, हे आजच ठरव. कुणी बघणारं नसलं, तर जिथे ती राणी सापडली त्याच जागी ती वसाहत परत सोडता येईल, कारण ती तिथलीच आहे. परकी असती तर तिला मारण्यावाचून मार्ग उरला नसता, आणि ते तुझ्याच्याने झालं नसतं, मला ठाऊक आहे. म्हणून सांगते, जी परत सोडता येईल तीच पाळ.