कोंडी कशी सुटली? — मालगाडीच्या सांध्याचा अभ्यास

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रेल्वेच्या लोखंडाविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण एका शब्दात आहे. 'कोंडी' हा शब्द आपल्या भागातील दोन्ही भाषांत आहे, पण अर्थ निराळे. कन्नडमध्ये कोंडी म्हणजे दुवा, आकडा. रेल्वेचे दोन डबे जोडणाऱ्या सांध्यालाही कोंडीच म्हणतात. मराठीत कोंडी म्हणजे पुढेही जाता येत नाही व मागेही नाही अशी अवस्था. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले आणि कन्नड मी गल्लीत व बाजारात शिकलो. रेल्वेच्या सांध्याचा इतिहास वाचताना हे दोन्ही अर्थ मला एकाच ठिकाणी भेटले.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील मालगाड्यांचा सांधा अगदी साधा होता. एका डब्याच्या तोंडातून लोखंडी कडी पुढे आलेली असे. दुसरा डबा जवळ येऊ लागला की कामगार दोहोंच्या मध्ये उभा राहून ती कडी समोरच्या तोंडात घाली आणि वरून खीळ टाकी. हात काढायला क्षणभर उशीर झाला की बोटे चिरडत. 30 जून 1893 रोजी संपलेल्या एका वर्षात तेथे डबे जोडण्या-सोडण्याच्या कामात 433 कामगार मेले आणि 11,000हून अधिक जखमी झाले.

यावरचा उपाय मात्र 20 वर्षे आधीच सापडला होता. व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया गावी कापडाच्या दुकानात कारकुनी करणाऱ्या इलाय जॅनी याने 1873 साली स्वयंचलित सांध्याचे पेटंट घेतले. त्याची रचना समजायला सोपी आहे. दोन्ही हातांची बोटे आकड्यासारखी वाकवून एकमेकांत अडकवून पाहा. डबे हलकेच एकमेकांवर आदळले की सांध्याचे बिजागरीवर फिरणारे बोट आत मिटते, आतील कुलूप खाली पडते आणि ते बोट पक्के धरले जाते. या बोटाला 'नकल' म्हणतात. सोडवण्यासाठी डब्याच्या बाजूला उभे राहून दांडा उचलायचा. चालत्या डब्यांच्या मध्ये माणसाने शिरण्याचे कारणच उरत नाही.

मग 20 वर्षे का लागली? येथे आपल्या अभ्यासक्रमाचा प्रश्न सुरू होतो. एका कंपनीचे डबे दुसऱ्या कंपनीच्या मार्गावर जात. माझ्या डब्याला नवा सांधा आणि शेजारच्या डब्याला जुना, तर माझा खर्च वाया. म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहत राहिला. शिवाय नव्या सांध्याची किंमत कंपनीच्या खातेवहीत पडणार होती. गेलेल्या बोटांची किंमत त्या वहीत फारशी दिसतच नव्हती. ती कामगाराच्या घरी भरली जात होती. ही झाली मराठीतली कोंडी.

अमेरिकेत ती कायद्याने फुटली. डबे बांधणाऱ्या अधिकाऱ्यांच्या संघटनेने 1888 साली जॅनीच्या पद्धतीचा सांधा प्रमाण मानला. आयोवा राज्यातील लोरेन्झो कॉफिन यांनी सक्तीच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली आणि 2 मार्च 1893 रोजी अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी त्यावर सही केली. मुदतवाढ मिळून 1900 साली अंमल पुरा झाला. मधल्या काळात जुनी कडीही अडकवता यावी म्हणून नव्या बोटात खाच ठेवलेली असे.

जपानने निराळा मार्ग धरला. नवे सांधे आधीच डब्यांखाली टांगून ठेवले आणि 17 जुलै 1925 या एका दिवशी होन्शू बेटावरील मालडब्यांचे सांधे बदलून टाकले. युरोपात बराच विचारविनिमय होऊनही बहुतेक मालडबे आजही बफर आणि आट्यांच्या साखळीने, माणसाच्या हातांनीच जोडले जातात.

आता नफ्याची बाजू पाहू. इंजिनालगतच्या पहिल्या सांध्यावर मागच्या सगळ्या गाडीची ओढ येते. म्हणून गाडी किती जड असावी हे नुसते इंजिन नव्हे, सांधाही ठरवतो. आट्यांची साखळी माणसाला उचलावी लागते, तेव्हा ती फार जाड करता येत नाही. स्वयंचलित सांध्याला ती अडचण नाही. आपल्याकडील 'बॉक्सएन' जातीची भरलेली वाघीण 81.28 टनांची असते. अशा 58 वाघिणी म्हणजे सुमारे 4,714 टन. ही गाडी ब्रागांझा घाटाच्या चढावर, म्हणजे 37 मीटरला 1 मीटर अशा उंचीवर, उभी आहे असे धरा. निव्वळ चढासाठी पहिल्या सांध्यावर सुमारे 127 टनांची ओढ येईल! म्हणूनच कुळे ते कॅसलरॉक चढताना जड गाड्यांना मागूनही इंजिने लावतात. मागून ढकलले की पुढच्या सांध्याचा भार हलका होतो. ऑस्ट्रेलियात 21 जून 2001 रोजी 682 वाघिणींची 99,734 टनांची गाडी चालवली गेली, तीही 8 इंजिने गाडीत ठिकठिकाणी वाटून.

एवढे करूनही ओढ हाताबाहेर गेलीच तर सहसा आधी नकल तुटते. तशीच योजना असते, कारण नकल बदलता येते. डब्याचा सांगाडा वाकला तर नुकसान मोठे.

हिशेब असा निघतो. ज्या कंपन्यांना नवा सांधा महाग वाटला, त्यांच्याच गाड्या पुढे त्याच्या बळावर लांब आणि जड झाल्या, व टनामागे वाहतुकीचा खर्च उतरला. ताळेबंद जुळला म्हणजे सगळा खर्च मांडला गेला, असे आपण परीक्षेपुरते मानतो. एखादी रक्कम वहीत नसेल, तर ती कोण भरतो आहे हेही विचारण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे. अमेरिकेत ती रक्कम कामगार आपल्या बोटांनी भरत होते.